न घेतलेल्या निरोपाची कैफियत

“साऱ्या गावाचा त्यांनी निरोप घेतला, पण शेजारच्या फाटकाकडे मान वळवूनसुद्धा पाहिले नाही. त्या वादाचा घाव त्यांच्या मनाला इतका खोल लागला होता!” हे वाक्य आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी शोकसभेत उच्चारले, आणि उच्चारताना पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जी नजर त्यांनी मुख्याध्यापक असताना उशिरा येणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवली असावी. शेजारचे फाटक म्हणजे माझे फाटक. तो वाद म्हणजे मी घातलेला वाद. शोकसभेत उलटतपासणीची सोय नसते, ही त्या प्रकारातली मोठीच उणीव आहे; म्हणून मी गप्प राहिलो आणि सभेनंतरचा चहाही न घेता घरी आलो. परंतु ज्याने उभी हयात पालघरच्या कोर्टात दुसऱ्यांच्या जबान्या फाडण्यात घालवली, त्याने स्वतःविरुद्धची जबानी तशीच उभी राहू द्यावी, हे मला शोभणारे नाही. माझा शेजारी माझ्यावर रागावून गेला, असे आता गावात जो तो सांगतो. ते खोटे आहे. ते खोटे का आहे हे समजायचे असेल, तर तो माणूस काय चीज होता हे आधी समजून घ्यावे लागेल.

तारापूरच्या खाडीपासून सफाळ्याच्या भातशेतीपर्यंत माणसे एकमेकांपासून उठून कशी जातात, हे माझ्या शेजाऱ्याइतके कोणालाही कळत नव्हते. आणि स्वतः उठून जाणे त्याच्याइतके वाईट कोणालाही जमत नव्हते. आमच्या वाड्या एकमेकींना लागून. मधे मेंदीचे कुंपण, आणि त्या कुंपणाला आमच्या लहानपणापासून पडलेले एक भगदाड, जे बुजवण्याची जबाबदारी कोणाची यावर आमच्या वडिलांचे एकमत झाले नाही आणि आम्ही ते होऊ दिले नाही. शाळा एक, वर्ग एक. पुढे मी वकील झालो आणि तो बोईसरच्या एका कारखान्यात कामगार अधिकारी. तिथून निवृत्त होईपर्यंत त्याच्यात वेडाची कोणतीही लक्षणे नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकतो. मग मुंबईहून बोलीभाषांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. इकडच्या किनाऱ्यावर काय बोलतात, डोंगराकडे काय बोलतात, याचे नमुने त्यांना हवे होते. ह्याने त्यांना गावोगाव हिंडवले. बाई विचारीत, “याला तुम्ही काय म्हणता? त्याला काय म्हणता?” लोक उत्तरे देत, बाई त्यांचा आवाज टिपून घेत. बाई गेल्या आणि हा मात्र हिंडतच राहिला. मला म्हणाला, “अरे, शब्द काय, विचारले की मिळतात. माणसे बोलणे संपवतात कसे, हे कोणी बघितलेच नाही.” त्या दिवसापासून त्याने निरोप या एकाच विषयाचे संशोधन आरंभले. कोण कसा निघतो, निघताना काय म्हणतो, म्हटल्यावर खरोखर निघतो का, आणि मागे राहणारा काय करतो.

सुरुवात त्याने आमच्या बागायती घरांपासून, म्हणजे माझ्या घरापासून केली. आमच्याकडे पाहुणा “निघतो आता” म्हणाला की यजमानाने “बसा हो, घाई काय” म्हणायचे. मग दोघे ओटीवर येतात. तिथे पुन्हा एकदा निघणे होते. मग अंगणात, मग फाटकाशी; आणि जी गोष्ट बोलायला माणूस मुळात आलेला असतो, ती तिथे फाटकाच्या कडीवर हात ठेवून पहिल्यांदा निघते. “आपल्याकडची लग्ने फाटकाशी ठरतात आणि फाटकाशी मोडतात,” असा त्याचा निष्कर्ष होता. “घरातले बोलणे ही नुसती प्रस्तावना.” हा निष्कर्ष तपासण्यासाठी तो रोज संध्याकाळी माझ्याकडे येई आणि आल्याबरोबर निघे. घरात न शिरता थेट फाटकाशी उभा राहून निरोपाला आरंभ करी, आणि तो निरोप आमच्या जेवणाच्या वेळेपर्यंत चाले. अखेर माझ्या पत्नीने प्लास्टिकच्या दोन खुर्च्या फाटकाशी कायमच्या नेऊन ठेवल्या. “उभ्याने पाय दुखतात भावोजी, बसून निघा,” असे ती त्याला म्हणाली. या वाक्याचा त्याला इतका आनंद झाला, की पुढचे अनेक दिवस तो ते भेटेल त्याला ऐकवीत होता.

आवाज टिपण्यासाठी त्यानेही मोबाइलचा उपयोग करून पाहिला. परंतु त्याने टिपलेले सारे मी ऐकले आहे, आणि त्यात मुख्यत्वे त्याचाच आवाज आहे: “तुम्ही बोला ना, मी नुसता ऐकतोय. नाही नाही, तुम्ही बोला.” तो बिचारा गप्प राहण्याचा प्रयत्न एवढ्या मोठ्या आवाजात करी, की समोरच्याला बोलायला फट सापडत नसे.

मासळीबाजारातला त्याचा अभ्यास तर आमच्या घराला थेट लाभदायक ठरला. त्याचा सिद्धान्त असा की, काही न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाला कोळीण जो निरोप देते तो या किनाऱ्यावरचा सर्वांत अस्सल निरोप. तो ऐकण्यासाठी हा पाटीसमोर उभा राही, मासे उलटेपालटे करून बघे आणि गंभीर चेहऱ्याने चालू पडे. मागून आवाज येई, “निगाला बग! बघाला आलता, घेवाला नाय! जा रे बाबा, जा, म्हावरा काय तुजी वाट बघीत नाय!” संशोधक कृतार्थ होई. पण तेवढ्यात ती बाई भाव उतरवून हाक मारी, आणि कोणाच्याही हाकेला पाठ दाखवणे ह्याच्या रक्तात नव्हते. तो परत फिरे आणि वाटा घेऊन येई. स्वतः तो मासे खात नसे; डॉक्टरांनी बंद केले होते. त्यामुळे भगदाडातून पिशवी आत येई आणि आमच्याकडे संशोधनाचे कालवण होई. ती कोळीण पुढे शहाणी झाली. ह्याला लांबून बघितले, की ती आधीच ओरडून घेई आणि पापलेट बांधून ठेवी.

कारखान्याच्या दारातली गोष्ट त्याने मला स्वतः सांगितली, आणि स्वतःवर हसत सांगितली, म्हणून मी ती खरी मानतो. पाळी सुटताना उत्तरेकडचे कामगार एकमेकांचा निरोप कसा घेतात, हे बघायला तो फाटकाजवळ जाऊन उभा राही. “अच्छा, चलते हैं” म्हणून दहा पावले जायचे आणि तिथून वळून पुन्हा नवी गोष्ट काढायची, ही रीत त्याला फार आवडली होती. आमच्या फाटकाशी तिचे जवळचे नाते आहे असे त्याचे म्हणणे. पण नव्या रखवालदाराला हा कामगार न्यायालयाचा माणूस वाटला. “यहाँ रोज़ क्या देखते हो, साहब?” ह्याने खरे ते सांगितले: “लोग जाते कैसे हैं, ये देखता हूँ.” रखवालदाराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “पैदल जाते हैं, साहब.” त्या रखवालदाराशी त्याची मैत्री शेवटपर्यंत टिकली. नोकरीत असतानाची त्याची एक आठवणही याच फाटकाची. यंत्र बसवायला जपानहून एक तंत्रज्ञ आला होता. निघताना तो गाडीत बसल्या बसल्या वाकला. हाही वाकला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकत राहायचे, अशी त्यांच्याकडची पद्धत ह्याने कुठेतरी ऐकली होती. पण गाडी दिसेनाशी होईना. पास सापडत नसल्याने ती फाटकातच अडकली होती. पास सापडेपर्यंत दोघेही एकमेकांना वाकून नमस्कार करीत राहिले, आणि मोठ्या साहेबांना वाटले की करारात काहीतरी गंभीर चूक झाली आहे.

आता वादाकडे येतो. बोईसर ओलांडून बेटेगाव मागे टाकले की डोंगराकडे जाणारा रस्ता लागतो. त्या बाजूच्या एका पाड्यावर तो मला एकदा घेऊन गेला. मी जायला तयार नव्हतो. पण त्याच्याशी नाही म्हणत बसण्यापेक्षा जाऊन येणे कमी वेळाचे होते. पाड्यावर त्याच्या ओळखीचा एक म्हातारा होता. आम्ही कुडाच्या घरासमोर खाटेवर बसलो, कोरा चहा आला. आम्ही बोलत असताना घरातून म्हाताऱ्याचा मुलगा, त्याची बायको आणि दोन पोरे बोचकी घेऊन बाहेर आली. मुलगा म्हाताऱ्याकडे न बघताच म्हणाला, “मागचा कूड मोडलाय. बांद तो.” मग आमच्याकडे वळला, हात जोडले, “येतो साहेब,” म्हणाला, आणि ती माणसे पायवाटेने उतरून गेली. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. मी विचारले, “कुठे गेला?”

“कामाला. वीटभट्टीवर.”

“संध्याकाळी येईल?”

“शिमग्याला.”

दिवाळी नुकतीच झाली होती. “अहो, म्हणजे इतके महिने? आणि बापाला ‘येतो’ म्हणाला नाही?”

म्हातारा माझ्याकडे बघून हसला, माझी कीव आल्यासारखा. “मना कशाला सांगल? घरचा हाय मी. तुमाला सांगला ना? तुमी पावणे.”

परतीच्या वाटेवर माझा शेजारी बराच वेळ बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही घटना नोंद घेण्याजोगी आहे. मग म्हणाला, “बघितलेस? आपण तिथे परके आहोत, हे त्या पोराने किती अदबीने सांगितले आपल्याला!” मी म्हणालो, “मला तर त्याने मान दिला असे वाटले.” तो म्हणाला, “तेच रे ते. मान परक्याला. बापाला कूड.”

त्यावर त्याने वाचनालयात व्याख्यान दिले. देशोदेशीच्या लोकांची, किनाऱ्यावरची आणि डोंगरातली उदाहरणे देत देत त्याने शेवटी सिद्धान्त मांडला: निरोप हा परक्याला दिलेला मान आहे, आपल्या माणसाला जाताना काम सांगावे आणि चालू पडावे, कारण आपल्या माणसाचा निरोप घेणे म्हणजे त्याला परके करणे. टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहिलो आणि, मला नंतर सांगण्यात आले त्याप्रमाणे, व्याख्यानापेक्षा अधिक काळ उभा राहिलो. मी म्हणालो, की एका पाड्यावरच्या एका पोराच्या वागण्यावरून मनुष्यजातीचा नियम ठरत नाही. मी म्हणालो, की आमच्या घरांतून आई मुलाला रस्त्याच्या वळणापर्यंत पोचवायला येते, ती काय परकी? तो व्यासपीठावरून म्हणाला, “वकीलसाहेब, आई पोचवायला येत नाही. अडवायला येते. त्याला निरोप म्हणत असाल, तर घेरावालाही म्हणा.” सभा हसली. मी हसलो नाही. मी म्हणालो, “ज्या वक्त्याला स्वतःला आजवर कोणाच्या घरातून निघता आलेले नाही, त्याने निरोपावर बोलणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने खाडीवर बोलणे.” सभा पुन्हा हसली, आणि या खेपेस तोही हसला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी तेवढेच ध्यानात ठेवले.

त्यानंतर आमचे बोलणे बंद होते, असे सांगितले जाते. हे साफ असत्य आहे. आमचे भांडण चालू होते. रोज संध्याकाळी, फाटकाशी, खुर्च्यांवर बसून. बोलणे बंद असलेली माणसे इतका वेळ भांडत नाहीत.

मग कोइमतूरला नोकरीस असलेल्या त्याच्या मुलाने त्याला तिकडे न्यायचे ठरवले. एकट्या म्हाताऱ्याने इथे राहणे बरे नव्हते, आणि डॉक्टरांनीही तेच सांगितले. जायचे नक्की झाल्यावर ह्याने निरोपाची फेरी काढली. निवृत्तीनंतरच्या साऱ्या अभ्यासाचे प्रात्यक्षिकच ते. डॉक्टरांकडे गेला, न्हाव्याकडे गेला, त्या कोळणीकडे जाऊन खरोखर काही न घेता निघाला आणि तिच्या तोंडून मनसोक्त ऐकून आला. उमरोळीला जुन्या सहकाऱ्याकडे गेला. कारखान्याच्या दारात त्या रखवालदाराला भेटला. आणि अध्यक्षांकडे गेला. त्यांच्या फाटकाशी पाऊण तास उभा होता. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे भरून आले, पुन्हा पुन्हा “येतो हं, येतो” म्हणाला. अध्यक्षांनी शोकसभेत या पाऊण तासाचे वर्णन जवळजवळ तेवढाच वेळ केले. मी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. काही पुरावे असे असतात की ते सादर करणाऱ्याला आपण काय सादर करीत आहोत याची कल्पना नसते, आणि ती त्याला देणे सभ्यपणाचे नसते.

जाण्याच्या दिवशी सकाळी माझ्या पत्नीने दोन्ही खुर्च्या पुसून ठेवल्या. चहा दोनदा टाकला. मी वर्तमानपत्र घेऊन ओटीवर बसलो होतो; बातम्या काय होत्या ते विचारू नये. इतक्यात कुंपणाच्या भगदाडाशी तो दिसला. घरातलाच सदरा, हातात काही नाही. म्हणाला, “अरे, तुझ्या माडाची झावळी माझ्या पत्र्यावर लोंबतेय. पाड ती.”

“माझ्या माडाची कशी? फांदी ज्याच्या हद्दीत, जबाबदारी त्याची.”

“झावळीला फांदी म्हणतोस? आणि म्हणे वकील!”

“तूच पाड.”

“पाड म्हणजे पाड,” म्हणाला, आणि वळून गेला.

मला वाटले, कपडे बदलून फाटकाने येईल. थोड्या वेळाने गाडीचा आवाज झाला. मी उठून फाटकाशी गेलो. गाडी समोरून गेली. तो मागच्या बाजूला बसला होता, आणि सरळ पुढे बघत होता. त्याने मान वळवली नाही, हे अध्यक्षांचे विधान मी मान्य करतो. गल्लीतल्या चार घरांनी ते पाहिले, माझ्या पत्नीने पाहिले, मी पाहिले. त्या दोन खुर्च्यांमध्ये मी बराच वेळ उभा राहिलो, आणि खरे सांगतो, मी विलक्षण रागावलो. पहिला फोन त्याने करायचा, असा मी मनाशी निकाल देऊन टाकला. तिकडे जाऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. फोन आला तो त्याच्या मुलाचा.

शोकसभेनंतर मला झोप लागेना. अध्यक्षांमुळे नव्हे; अध्यक्षांची मी पर्वा करीत नाही. परंतु चार लोकांसमोर मी ज्याच्या सिद्धान्ताच्या चिंधड्या केल्या तो माणूस खरोखरच मनात काही ठेवून गेला असेल, तर हा खटला मला वरच्या कोर्टातही चालवता येणार नव्हता. झावळीचे बोलणे मला पुन्हा पुन्हा आठवू लागले. पण ते माझ्या बाजूने होते, आणि आपल्याच बाजूच्या साक्षीदारावर विसंबू नये हे मी इतरांना शिकवीत आलो आहे. मला तटस्थ साक्षीदार हवा होता. म्हणून मी सफाळ्याला गेलो. तिथे त्याची धाकटी बहीण असते. आमच्याच कुंपणाच्या भगदाडातून ये-जा करीत ती मोठी झाली. मला दादा म्हणते. गुडघ्यांमुळे तिला शोकसभेला येता आले नव्हते. घराच्या पडवीतच तिचे छोटेसे दुकान आहे. ती गिऱ्हाइकाला पोहे मोजून देत होती. मी स्टुलावर बसलो आणि सरळ विचारले, “भाऊ जायच्या आधी तुझ्याकडे आला होता?”

“आलता ना. आदल्याच दिशी. वालाचं बिरडं केलं होतं, दोनदा घेतलं त्यानं.”

“मग? काय म्हणाला?”

“काय म्हननार? दुकानाचा पत्रा वर बघितला. म्हनला, हा खिळा सुटलाय, मारून घे. नायतर आंगावर पडंल तुज्या.”

“आणि?”

“आनि काय? मी पानी आनाला आत गेले. येऊन बघते तं खुर्ची रिकामी. बडीशेपसुदा घेतली नाय.”

“जातो, येतो, असे काहीच म्हणाला नाही?”

ती पोह्यांची पुडी बांधता बांधता थांबली. तिने माझ्याकडे असे बघितले, जणू मी तिला काहीतरी अगदीच विचित्र विचारले आहे. “मला?” ती म्हणाली. मग पदराने नाक पुसले, आणि वर त्या खिळ्याकडे बघत राहिली. खिळा तिने अजून मारलेला नव्हता.

त्याचा सिद्धान्त मला आजही मान्य नाही, हे मी इथे स्पष्ट नमूद करतो. एका पाड्यावरून नियम ठरत नाही, आणि आई ही अडवणूक नव्हे. परंतु तो सिद्धान्त मला मान्य असण्याचा प्रश्नच नाही. तो त्याला मान्य होता, आणि निघालेला तो होता. झावळी मीही अजून पाडलेली नाही. ती कोणी पाडायची हा वाद स्वतंत्र आहे, आणि प्रतिपक्षाच्या गैरहजेरीत मी तो निकालात काढणार नाही. वारा सुटला की ती त्याच्या पत्र्यावर घासते. संध्याकाळी फाटकाशी बसले की ऐकू येते. वाचनालयाच्या अध्यक्षांना मला एवढेच कळवायचे आहे, की ज्या बहिणीशी त्याचे जन्मात कधी भांडण झाले नाही, तिचाही निरोप त्याने घेतला नव्हता.